या पावसाळ्याआधी दत्तकाची कपाटे उघडा: कोकणातल्या तीन जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग
मा. अध्यक्ष व सदस्य, तिन्ही जिल्ह्यांच्या बालकल्याण समित्या
जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, तसेच या किनाऱ्यावरच्या चालू आणि बंद पडलेल्या बालसंस्थांचे विश्वस्त

विषय: प्रौढ दत्तक व्यक्तींना त्यांच्या मूळ नोंदी मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

कोकणात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाव कुठला? मालवणीत तर थेटच, ‘खंयचो तू? कोणाचो?’ या प्रश्नाचे उत्तर ज्यांना जन्मभर देता आलेले नाही अशी माणसे तुमच्या कार्यालयात अर्ज घेऊन येतात. कोणी मुंबई-पुण्यात वाढलेले असते, कोणी स्वीडनमध्ये किंवा नेदरलँड्समध्ये. पोरसवदा कोणी नसते. काहींचे केस पिकलेले असतात. टेबलापलीकडून त्यांना बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते: ‘दत्तकाची कागदपत्रे गोपनीय असतात.’ या वाक्यावर अर्ज संपतो. तो तिथे संपू नये, कायद्यानेही तो तिथे संपत नाही, हे सांगायला हे पत्र आहे.

जिल्हाधिकाऱ्यांना उद्देशून लिहिण्याचे कारण साधे आहे. बाल न्याय कायद्यातली २०२१ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि दत्तकाचा आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्याकडे आले. आज तुमच्या सहीने ज्या बाळाचा आदेश निघतो ते अठरा वर्षांनी तुमच्याच अभिलेख कक्षासमोर उभे राहणार आहे. जुन्या फायलींचे जे झाले ते या नव्या फायलींचे होऊ नये एवढी व्यवस्था आत्ताच करता येते.

आधी नियम. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या दत्तकग्रहण नियमावलीत ‘मूळ शोध’ ही स्वतंत्र तरतूद आहे. २०१७च्या नियमावलीतही ती होती. तिचा सारांश असा. दत्तक व्यक्तीने संपर्क केला की कारा (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण), राज्य दत्तक संसाधन संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि विशेष दत्तक संस्था यांनी तिला शोधात साहाय्य करायचे आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याखालच्या मुलाने दत्तक आईवडिलांसोबत करायचा. जन्मदात्यांनी बाळ सोपवताना नाव गुप्त ठेवा असे मुद्दाम सांगितले असेल तर त्यांची संमती घ्यायची. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडलेच नाहीत, तर बाळ कोणत्या कारणाने आणि कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले ते दत्तक व्यक्तीला सांगायचे. तिऱ्हाइताला शोध घेऊ द्यायचा नाही. आणि दत्तक व्यक्तीच्या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणाला बाधा येऊ द्यायची नाही.

यातली नकाराबद्दलची ओळ पुन्हा वाचावी. आईने ‘नाही’ म्हटल्यानंतरही काही देणे लागते, असे ती सांगते. मग आईला कोणी विचारलेलेच नसताना ‘गोपनीय’ म्हणून अर्ज परत करणे कोणत्या आधाराने? बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमातली शिक्षा मुलाची ओळख बाहेर जाहीर करणाऱ्यासाठी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते कलम मुलाच्या रक्षणासाठी लिहिले गेले. तेच मूल मोठे होऊन स्वतःबद्दल विचारते तेव्हा त्याच्याच विरुद्ध ते पुढे करणे आम्हाला चूक वाटते. भारताने २००३ मध्ये हेग दत्तक करार, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, मान्य केला. त्याच्या ३० व्या अनुच्छेदात मुलाच्या मुळाची माहिती, त्यातही आईवडिलांची ओळख आणि आजारांचा इतिहास, जपून ठेवण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेवर टाकली आहे. जपणे हे त्यातले पहिले काम, आणि आपण सर्वात जास्त तिथेच कमी पडतो.

फायलीत काय असते ते सविस्तर सांगतो, कारण नकार देणाऱ्या अनेकांनी ती कधी उघडलेली नसते. संस्थेच्या प्रवेश नोंदवहीत बाळाची एक आडवी ओळ असते: अनुक्रमांक, तारीख, वेळ, वजन, अंगावरचे कपडे, आणणाऱ्याचे नाव, शेवटी शेरा. मग समर्पणपत्र, म्हणजे बाळ सोपवत असल्याचे जन्मदात्यांचे लेखी पत्र, साक्षीदारांच्या सह्यांसह. बाल अध्ययन अहवाल, वैद्यकीय तपासणी अहवाल, एकदोन फोटो. बाळ दत्तकासाठी मुक्त असल्याचा बालकल्याण समितीचा आदेश. दत्तक कुटुंबाचा गृह अध्ययन अहवाल, न्यायालयाचा आदेश, नंतरच्या दोन वर्षांचे पाठपुरावा अहवाल. सोडून दिलेल्या बाळाच्या बाबतीत समर्पणपत्राच्या जागी पोलिसांचा पंचनामा, ठाणे दैनंदिनीतला उतारा आणि वर्तमानपत्रात दिलेले निवेदन.

या सगळ्यात आईची ओळख उघड करणारे कागद फार थोडे असतात. बाकीचे कोणालाही न विचारता आज देता येतात. बाळाचे वजन, त्याच्या लसी, त्याचा फोटो, त्याला संस्थेत हाक मारत ते नाव, आईचे वय, तिची मातृभाषा, तिचे शिक्षण, घरातले आजार, बाळ सोपवण्याचे कारण: यातून कोणाचा पत्ता लागत नाही, पण चाळीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचा पहिला महिना कळतो. डॉक्टर विचारतात घरात कोणाला मधुमेह आहे का, रक्ताचा काही आजार आहे का, आणि दरवेळी फॉर्मवर ‘माहीत नाही’ लिहावे लागते. तो रकाना भरता येतो. समर्पणपत्राची प्रत देताना नाव, गाव आणि सही यांवर पांढरा कागद ठेवून झेरॉक्स काढावी. काळ्या पेनने खोडले तर खालची अक्षरे दिसू शकतात. हे घडते, म्हणून लिहिले.

पंचनामा मात्र पूर्ण द्यावा. त्यात आईचे नाव नसतेच. बाळ कोणत्या देवळाच्या पायरीवर, कोणत्या एसटी स्टँडच्या बाकावर सापडले, कशात गुंडाळले होते, कोणी उचलले, हे त्या माणसाच्या आयुष्याचे पहिले पान आहे. अशा प्रकरणात भारतीय दंड विधानाच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा दाखल झालेला असू शकतो (आता भारतीय न्याय संहितेचे ९३ वे कलम). आरोपी न सापडल्याने ‘अ समरी’ (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही असा अहवाल) होऊन कागद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात जातात. म्हणून पोलीस ठाण्याने ‘आमच्याकडे काही नाही’ म्हटले तरी तालुक्याच्या न्यायालयात विचारावे. तिथेही नसेल तर स्थानिक दैनिकांचे त्या आठवड्याचे अंक वाचनालयात पाहावेत.

आता कपाट कोणते, हा प्रश्न. अर्जदार चुकीच्या दाराशी उभा राहतो आणि ‘आमच्याकडे नोंद नाही’ हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी ठरते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे १ मे १९८१ रोजी वेगळे झाले. १९७८ साली कुडाळात जन्मलेल्या बाळाचा न्यायालयीन कागद सिंधुदुर्गच्या मुख्यालयी, ओरोसला शोधून उपयोग नाही, आधी रत्नागिरीला पाहावे लागते. १९८१ पूर्वी रायगडच्या जागी कुलाबा हे नाव आहे, संगणकात ‘रायगड’ टाकून ते येत नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून निघाला, त्याआधीचे सगळे ठाण्यात. गावाच्या नावांचाही घोळ असतो. मुरूड रायगडात आहे आणि दापोली तालुक्यातही आहे. शिरगाव रत्नागिरीत, चिपळुणात आणि देवगडात आहे. तालुका न लिहिलेल्या ‘मु. शिरगाव’वरून तीन ठिकाणी पत्र जाते आणि तीन गावांत चर्चा होते. वाडीचे नाव मिळाल्याशिवाय गावात पाऊल टाकू नये.

न्यायालयातला कागद कोणत्या कायद्याखाली आहे त्यावर तो कोणत्या वहीत सापडेल हे ठरते. बाल न्याय कायद्यात दत्तकाची वाट नीट रुळण्यापूर्वी हिंदू कुटुंबांचे दत्तक १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली होत, आणि संस्थेतल्या बाळासाठी ९ व्या कलमानुसार न्यायालयाची परवानगी लागे. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी आणि परदेशी कुटुंबांना १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे. म्हणून त्यांच्या कागदावर ‘दत्तक’ हा शब्दच नसतो आणि ‘दत्तक’ म्हणून शोधणाऱ्या कारकुनाला तो दिसत नाही. मुंबईच्या संस्थेतून परदेशी गेलेल्यांचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पाहावेत. कोकणातली आई बाळंतपणाला मुंबईला गेलेली असेल तर आख्खी फाइल तिथलीच. जिल्हा न्यायालयात नक्कल अर्ज करताना प्रकरण क्रमांक नसेल तर वर्ष आणि दत्तक वडिलांचे पूर्ण नाव देऊन किरकोळ दिवाणी अर्जांची नोंदवही पाहायची विनंती करावी. बाळाच्या नावाने शोधू नये, ते नाव नंतर बदललेले असते.

जन्मदाखल्याने फसायला होते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला त्या ठिकाणी होते, आईच्या गावी होत नाही. दाखल्यावर रत्नागिरी नगर परिषद असेल तर त्याचा अर्थ बाळंतपण रत्नागिरी शहरातल्या दवाखान्यात झाले एवढाच. आई लांज्याची असेल किंवा राजापूरची. सापडलेल्या बाळाची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली असते, कधी संस्थेत आल्याची तारीखच जन्मतारीख म्हणून लागते. प्रसूती नोंदवही पाहताना म्हणून आधीनंतरचे किमान पंधरा दिवस पाहावेत. दाखल्यावरची नोंदणीची तारीखही बघावी. २१ दिवसांत नोंद झाली तर ती सरळ, वर्षानंतरची असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश असायलाच हवा, आणि त्या आदेशाच्या अर्जात पुष्कळ माहिती असते. १९७० पूर्वीच्या जन्मासाठी गावचे जन्म-मृत्यू रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४, तहसील कार्यालयात मागावे.

घरच्या घरात झालेले दत्तक, बहिणीचा मुलगा भावाला दिला, पुतण्या काकाला, हे कोकणात पुष्कळ. तिथे संस्था नसते, समिती नसते. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले दत्तकपत्र असते. ते पुस्तक क्रमांक ४ मध्ये पाहावे. हे पुस्तक सर्वांना खुले नसते, पण त्या दस्ताने ज्याला हक्क मिळतो त्याला नक्कल मागता येते, आणि दत्तक व्यक्ती त्यात बसते. देणारे आणि घेणारे दोघांच्या सह्या दत्तकपत्रावर असतात, त्यामुळे जन्मदात्यांचे नाव तिथे स्पष्ट असते. दत्तकपत्रच नसेल तर जमिनीच्या फेरफारात, गाव नमुना ६ मध्ये, वारस लावताना दत्तकाचा उल्लेख आलेला असू शकतो.

आणि एक कटू गोष्ट. काही नर्सिंग होममध्ये बाळ थेट दुसऱ्या जोडप्याच्या नावावर लावले गेले. तिथे ना समर्पणपत्र, ना आदेश. जन्मदाखला दत्तक आईच्या नावाचा, जणू तिनेच जन्म दिला. अशा माणसाला वर्षभर खेटे घालायला लावू नका. दवाखान्याची त्या काळातली प्रसूती नोंदवही एकदा तपासून, ‘दत्तकाची प्रक्रिया झाल्याची नोंद आढळत नाही’ असे लेखी द्या. पुढे डीएनए चाचणीखेरीज मार्ग उरत नाही, आणि तो निर्णय त्याला डोळे उघडे ठेवून घेता येईल.

संस्था बंद पडली असेल तर धर्मादाय कार्यालयात तिची परिशिष्ट १ची प्रत काढावी. त्यात विश्वस्तांची नावे आणि पत्ता असतो, नंतरचे बदल अर्ज पाहिले की शेवटचे विश्वस्त कोण ते कळते. जुनी दप्तरे बहुतेक वेळा त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी माळ्यावर असतात. विश्वस्तांना आमची हात जोडून विनंती: ती रद्दीत घालू नका. पावती घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्या.

माहितीचा अधिकारही इथे वापरता येतो, पण आईचे नाव मागितले तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो, आणि तो बरोबरही आहे. अर्जदारांनी विचारायचे ते असे: अमुक साली अमुक संस्थेच्या फायली कोणत्या कार्यालयाकडे हस्तांतरित झाल्या, हस्तांतरणाची यादी द्या, त्या कोणत्या वर्गात ठेवल्या, नाशनाच्या, म्हणजे नष्ट करायच्या कागदांच्या यादीत आहेत का. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवस. फाइल जिवंत आहे की नाही एवढे यातून कळते, आणि मग मूळ शोधाचा अर्ज नेमक्या दारी करता येतो. हा अर्ज स्वतःच्या सहीचा असावा, सोबत ओळखपत्र, दत्तक आदेशाची किंवा दत्तकपत्राची प्रत, जन्मदाखला, लहानपणीचा सर्वात जुना फोटो. परदेशात राहणाऱ्यांनी तिथल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फत किंवा केंद्रीय यंत्रणेमार्फत, म्हणजे सरळ काराकडे जाईल असा. दोन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन सगळे होईल अशी आशा धरू नये, आणि गणपतीत तर मुळीच येऊ नये. कार्यालये रिकामी असतात.

आता आईकडे जाण्याबद्दल. या कामात सर्वात जास्त नुकसान इथेच होते. नियमात संमतीची अट नाव गुप्त ठेवायला सांगणाऱ्यांपुरती आहे. आमचे म्हणणे, विचारावे प्रत्येकच आईला. १९८५ साली सतरा-अठरा वर्षांच्या घाबरलेल्या मुलीला तसा काही पर्याय असतो हे कोणी सांगितलेही नसेल.

ती सापडणे अवघड असते, कारण लग्नात मुलीचे नावच बदलते. माहेरची सुनंदा सासरी शुभांगी होते, आडनाव बदलते, गाव बदलते. त्यातून दवाखान्यात खोटे नाव सांगितलेले असण्याची शक्यता मोठी. जिल्हा परिषदेच्या शाळेचे जनरल रजिस्टर इथे सर्वात उपयोगी: नाव, वडील, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख. त्यावरून माहेरघर कळते. पण माहेरच्या भावाला कारण सांगायचे नाही. सासरचे गाव कळले की मतदार यादी बघावी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारू नये.

पत्र पाठवू नये. ‘बाल संरक्षण’ असा शिक्का असलेला लखोटा वाडीत आला की पोस्टमन घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. सरकारी पाटीची जीप नको. पोलीस पाटील, सरपंच, आशाताई, अंगणवाडी सेविका, कोणाच्या कानावर घालू नये. ती सगळी भली माणसे असतात, पण त्याच वाडीतली असतात. प्रशिक्षित महिला कार्यकर्तीने एकटीने जावे. शिमग्यात, गणपतीत, मे महिन्यात चाकरमान्यांनी घर भरलेले असते, आणि लावणीच्या दिवसांत ती चारचौघींसोबत शेतात असते. भातकापणी उरकल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी जावे. पहिले वाक्य ‘तुमची मुलगी’ असे असूच नये. साल आणि दवाखान्याचे नाव घ्यावे: ‘अमुक साली तुम्ही सिव्हिलला होता, त्याबद्दल बोलायचे होते. आत्ता बोलता येईल, की दुसरीकडे भेटू?’ ती समजते. ‘ती मी नव्हे’ म्हणाली तर वाद घालू नये, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून निघावे. पहिला नकार भीतीचा असतो. तीन महिने थांबावे. तिने फोन केला तर बोलावे, तिने नंबर दिला असेल तर एकदा करावा. तिसऱ्यांदा जाऊ नये.

सोबत साध्या पाकिटात दोन गोष्टी असाव्यात: मोठ्या झालेल्या लेकराचा फोटो आणि मराठीत लिहिलेले दोन परिच्छेदांचे पत्र. आणि एक गोष्ट कार्यकर्तीने आपणहून सांगावी: जमिनीत हिस्सा मागायला कोणी आलेले नाही, मागताही येत नाही. दत्तकाच्या तारखेपासून जन्मकुटुंबाशी कायदेशीर नाते संपते. हिंदू दत्तक कायद्याचे १२ वे कलम आणि बाल न्याय कायद्याचे ६३ वे कलम हेच सांगते. सामाईक सातबाऱ्याच्या कोकणात हे आधी सांगितले नाही तर सगळे संभाषण त्या एका धास्तीखाली दबते. ती ठाम नाही म्हणाली तरी दोन प्रश्न विचारावेत: घरात काही आजार आहेत का, आणि एखादे पत्र तुमच्यासाठी आमच्या फायलीत ठेवले तर चालेल का? नकार तारखेसह लिहावा. ती हयात आहे एवढे कळवण्यासाठीही तिची परवानगी घ्यावी. होकार आला तर भेटीआधी दोघांच्या संमतीने डीएनए जुळवून घ्यावा. खोट्या नावामुळे भलत्याच बाईच्या दारात गेल्याचे दुःख दोन्हीकडे राहते.

हे सगळे तुम्ही केले नाही तर काय होते? माणूस शोधायचे थांबवत नाही. तो स्वतःचा बालपणीचा फोटो, जन्मसाल आणि गावाचे नाव फेसबुकवर टाकतो, कोणीतरी ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवते, आणि साठीतल्या त्या बाईला हे नातवाच्या मोबाइलवर दिसते. परदेशातल्या डीएनए कंपनीकडून दूरचा चुलतभाऊ सापडतो आणि थेट त्यालाच फोन जातो. कार्यालयाचे दार बंद ठेवल्याने आईचा खासगीपणा राखला जातो हा समज खरा नाही. तो राखण्याची एकच रीत आम्हाला ठाऊक आहे: शोध तुमच्या हातून, तुमच्या नियमांनी व्हावा. महाराष्ट्राला यात लाजण्यासारखे काही नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेल्या यशवंताच्या आईचे, काशीबाईंचे नाव आपण आजही आदराने घेतो.

शेवटी कागदाचे. कोकणातले कपाट म्हणजे वर्षातले चार महिने ओली भिंत. वाळवी, बुरशी, खारा वारा. त्यावर २००५ आणि २०२१च्या जुलैतले पूर, २०२०चे निसर्ग चक्रीवादळ. रुमालात बांधलेल्या दप्तरातला मधला कागद बाहेरून ठीक दिसतो आणि उघडल्यावर टाचणीच्या गंजाने भोक पडलेला असतो. फॅक्सचा गुळगुळीत कागद तर दहा-पंधरा वर्षांत कोरा होतो; परदेशी संस्थांचा पत्रव्यवहार बराचसा त्याच कागदावर आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे हा आपला घरगुती उपाय इथे घातक, आतली ओल आतच राहते. भिजलेले कागद उन्हात घालू नयेत, पंख्याखाली टिपकागद मध्ये घालून वाळवावेत, चिकटलेले ओढू नयेत. लॅमिनेशन करू नये. स्कॅन ३०० डीपीआयने, रंगीत, आणि दोन्ही बाजू. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला प्रकरण क्रमांक हाच अनेकदा एकमेव धागा असतो.

दुसरा धोका नाशनाचा. सरकारी कागदांचे वर्ग तुम्हाला ठाऊकच आहेत: अ कायम, ब तीस वर्षे, क-१ दहा, क पाच, ड एक. दत्तकाचा पत्रव्यवहार कोणी सवयीने क मध्ये टाकला तर मूल पहिलीत जायच्या आधी तो जळालेला असतो. दत्तकाचा प्रत्येक कागद अ वर्गात टाका, लेखी आदेशाने.

माणसे नाहीत, वेळ नाही, असे उत्तर येईल. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली तेव्हा राज्यभर तहसीलांचे अभिलेख कक्ष उघडले, गाव नमुना १४ आणि शाळांची रजिस्टरे चाळली गेली, मोडी वाचणारे शोधून आणले. मनावर घेतले की आपल्या कचेऱ्या काय करू शकतात ते सर्वांनी पाहिले. दत्तकाच्या फायली त्या मानाने मूठभर आहेत.

३१ मेपूर्वी प्रत्येक जिल्ह्यात एवढे व्हावे: सर्व संस्थांच्या, समितीच्या आणि कक्षाच्या दत्तक फायलींची एक यादी, ज्यात वर्ष, फाइल क्रमांक, पानांची संख्या आणि कपाट क्रमांक असेल, नाव कोणाचेही नसेल, मूळ शोधासाठी एका महिला अधिकाऱ्याची नेमणूक आणि तिचा कार्यालयीन नंबर फलकावर, आणि अर्ज आल्यापासून तीस दिवसांत पहिले लेखी उत्तर, मग ते ‘फाइल सापडली, पुढचा शोध सुरू आहे’ एवढेच का असेना. यादी करताना २०१५च्या कायद्याखालच्या फायलीत समर्पणाची तारीख आणि मुक्त केल्याची तारीख यांत आईला फेरविचारासाठी दिलेले साठ दिवस आहेत का तेही पाहावे. नसतील तर ती फाइल बाजूला काढून समितीपुढे ठेवावी, त्या आईचे ऐकायचे राहून गेलेले असू शकते.

सुरुवात सर्वात खालच्या फळीपासून करा. ओल आधी तिथे चढते, आणि सर्वात जुनी दप्तरे तिथेच असतात. रुमालाची गाठ कापू नका, सोडवा. त्यावरच्या चिठ्ठीवर साल लिहिलेले असते.

आपले,
मूळ शोधाच्या कामात असलेले रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील कार्यकर्ते, वकील आणि प्रौढ दत्तक व्यक्ती